आईचं न वाटलेलं पत्र

भिलाईत सेक्टर सहामध्ये आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये काकू राहायच्या. भंडाऱ्याकडच्या शेतकरी घरातल्या, शाळेत कधीच न गेलेल्या. काका स्टील प्लांटमध्ये होते. पत्र लिहायचं म्हटलं की त्यांना झोप यायची. त्यामुळे मुलगा फौजेत गेल्यापासून काकूंची पत्रं मी लिहायचे. मी अकरावीत होते. काकूंच्या या मुलाला मी दादा म्हणायचे; तो माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा. मला सायकल त्यानंच शिकवलेली.

त्या उन्हाळ्यात त्याची तुकडी डोंगरातल्या लढाईवर गेली. काकू माझ्यासमोर तांदूळ निवडत बसल्या आणि सांगू लागल्या. आंब्याचं लोणचं घातलं, तुझ्या बहिणीला दिवस गेलेत, काकांची नाइट शिफ्ट चालू आहे. मग थांबून म्हणाल्या, "त्याले लिह, भेव लागत असंन तं मले कळव. मी कोनाले सांगत नाही."

मी पेन उचलून त्यांच्याकडे पाहिलं.

"लिहून राहिली ना? लहानपणापासून भेवला की चूप बसते तो. पुसल्याबिगर सांगत नाही."

"हो काकू, लिहिते," म्हणाले मी. लिहिलं नाही. रोज टीव्हीवर जवान दिसायचे, शाळेत भाषणं व्हायची. लढणाऱ्या माणसाला असं विचारतात का? मला त्या ओळीची लाज वाटली. तिथं मी लिहिलं, 'आम्हा सर्वांना तुझा अभिमान आहे. मागे हटू नकोस.'

त्याचं उत्तर आलं. काकूंना वाचून दाखवताना शेवटच्या दोन ओळींशी मी अडखळले. 'या वेळचं पत्र आईचं नाही वाटलं. ती असं बोलत नाही.' त्या ओळी मी गाळल्या आणि घडी घालून पत्र त्यांच्या हातात दिलं.

"मी पुसलं त्याचं काही नाही लिहिलं का?"

"नाही काकू."

पुढच्या आठवड्यात दुपारी वर्दीतली दोन माणसं काकूंच्या फाटकाशी उभी राहिली. नंतरचं मला तुटक आठवतं. रस्ताभर सायकली, स्कूटर, घोषणा. काकू रडल्या नाहीत. प्रत्येकाला विचारत होत्या, "त्याच्या जवळ कोनी होतं का?"

महिन्याभरानं त्याची पेटी आली. त्यात माझ्या हातची सगळी पत्रं होती. काकूंनी तेच शेवटचं काढून दिलं, "वाच." मी वाचत गेले, आणि त्या जागी आल्यावर कागदावर नसलेलं वाचलं : भीती वाटत असेल तर मला कळव. काकूंनी मान हलवली. "म्हनजे त्यानं वाचलं होतं."

काका रिटायर झाल्यावर ते जवळच्याच रिसालीला राहायला गेले. मी लग्न होऊन इथेच भिलाईत राहिले. दर वर्षी तो गेला त्या तारखेला मी त्यांच्याकडे जायचे आणि काकू ते पत्र माझ्यापुढे ठेवायच्या. मी वीसेक वर्षं ती ओळ वाचत राहिले. ती इतकी पाठ झाली होती, की कधी कधी मला ती माझ्या अक्षरात दिसायची.

दोन वर्षांपूर्वी मला ते जमलं नाही. त्या ओळीशी थांबले आणि सगळं सांगितलं; मी काय लिहिलं, त्यानं काय लिहिलं, मी काय गाळलं.

काकूंनी माझ्या हातातून पत्र घेतलं आणि घडी घातली. "ठाऊक हाय मले," त्या म्हणाल्या. "नातीनं दोन्ही पत्रं वाचली मांगच्या साली. तिले मराठी बोलता नाही येत, पण अक्षरं तं हिंदीचेच हायत."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? तू तवा पोरगी होती." मग त्या म्हणाल्या, "त्यानं वळखलं ना पन. आई अशी बोलत नाही म्हने. हे मले पुरते."

मला ते पुरत नाही. त्या दिवशी रिसालीहून परतताना मी स्कूटर दोनदा रस्त्याच्या कडेला थांबवली. तो घाबरला होता का, हे विचारणारं जगात एकच माणूस होतं. काकूंनी विचारलंही होतं. आणि तिकडे थंडीत, दगडाआड बसून तो माझ्या अक्षरातलं 'मागे हटू नकोस' वाचत होता.