मागचा खूर

बावन्नाव्या वर्षी मी घोड्यावर बसायला शिकत होते. बसण्याआधी घोडीचे चारही खूर साफ करायचे, हा तबेला सांभाळणाऱ्या गणपतमामांचा नियम. लाथेच्या भीतीने मी मागचे खूर सोडून द्यायचे आणि “झाले” म्हणून सांगायचे. मोठ्या वयात भीती वाटण्यापेक्षा, भीती वाटते हे सांगायचीच लाज जास्त.

एका सकाळी घोडी सारखी थांबू लागली. मी टाचा मारत राहिले. मामांनी मला उतरवलं आणि तिचा मागचा पाय उचलला. खुरात चिंचोक्याएवढा खडा रुतला होता.

“बाई, कधीची सांगतीय ती तुम्हाला,” एवढंच म्हणून त्यांनी खूर साफ करायची आकडी माझ्या हातात दिली.

मी वाकून पाय मांडीवर घेतला. जड होता, ऊबदार होता. खडा निघाला. तरी तिनं पाय ओढून घेतला नाही, आणि मलाही तो खाली ठेववेना.