माडीवरचं दौंड जंक्शन

किस्से सांगणाऱ्या माणसाकडे साधारण दुसऱ्यांच्या फजितीचा साठा असतो. माझ्याकडे स्वतःच्याच फजितीचा आहे, आणि तो वाढतच चाललाय. मी रांजणगावला एका कंपनीत मेंटेनन्सला आहे, वय बेचाळीस, राहायला शिरूरला. माडीवरच्या खोलीत आठ बाय चारच्या प्लायवुडवर मी रेल्वे बांधलीय. रूळ, सिग्नल, प्लॅटफॉर्म, डबे, सगळं खऱ्यापेक्षा सत्त्याऐंशी पट लहान. या कामाला चार वर्षं झाली. या चार वर्षांत मान खाली घालायचे जेवढे प्रसंग आले, तेवढे आधीच्या अडतीस वर्षांत आले नव्हते. मित्र जमले की म्हणतात, "सांग रे ते आप्पांचं!" मग मी सांगतो. शेवटचा एक किस्सा सोडून सगळे सांगतो. आज तोही सांगून टाकतो.

*

सुरुवात चोरून झाली. सामान कुरिअरने यायचं, आणि खोक्यावर डब्यांचं रंगीत चित्र असायचं. कुरिअरवाल्याला बेल वाजवायची सवय नव्हती. तो गल्लीच्या तोंडाशी गाडी लावून ओरडायचा, "सायेब, खेळणं आलंय!"

समोरच्या ओट्यावर तीन बायका लसूण सोलत बसलेल्या. मी घाईघाईने म्हणालो, "भाच्याचं आहे."

पुढच्या महिन्यात परत खोकं, परत भाचा. तिसऱ्या वेळी कुरिअरवाला कौतुकाने म्हणाला, "लई लाड हायेत राव भाच्याचे! कवातरी दाखवा की आम्हाला."

तेव्हा ओट्यावरची एक बाई लसणावरची नजर न काढता म्हणाली, "ह्यांना बहीण कुठंय?"

संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं, आणि गल्लीकडून माझ्या बायकोला. वंदना माडीवर आली, प्लायवुडकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, "दारू न्हाई, तंबाखू न्हाई. मला वाटायचंच, कायतरी निघंल. पण हे निघंल असं न्हाई वाटलं."

*

मग आप्पा आले. आप्पा म्हणजे वंदनाचे वडील. दौंडला रेल्वेत पॉइंट्समन होते, सांधे बदलायचे, इंजिनं जोडायची-सोडवायची. सासूबाई गेल्या आणि ते दौंडला खोलीवर एकटे राहायला लागले. एकदा बाथरूममध्ये पडले, दुपारपर्यंत कुणाला पत्ता नाही. तेव्हा वंदना त्यांना जवळजवळ उचलूनच शिरूरला घेऊन आली.

पण ही पिढी लेकीच्या घरी टिकणारी नव्हे. पहिले चार दिवस त्यांची पिशवी दाराजवळच होती. चहा दिला की म्हणायचे, "कशाला उगीच?" जेवायला वाढलं की म्हणायचे, "आता उद्या जाईन म्हणतो." त्यात शिरूरला रेल्वे नाही. पस्तीस वर्षं गाड्यांच्या आवाजात झोपलेल्या माणसाला इथे झोपच येईना. वंदना मला म्हणाली, "काहीबी करा, पण त्यांना इथं ऱ्हाऊ द्या. परत दौंडला एकटे गेले तर माझ्या जिवाला घोर लागंल."

पाचव्या दिवशी मी त्यांना भीतभीत माडीवर नेलं. वाटलं, हसतील. ते हसले नाहीत. कमरेवर हात ठेवून त्यांनी सगळ्या लाइनीवरून नजर फिरवली, गुडघ्यावर बसून रुळाच्या पातळीवर डोळा आणला आणि गंभीरपणे म्हणाले, "पाव्हणं, सिग्नल उजव्या हाताला कुणी लावला?"

मी म्हणालो, "किटमध्ये तसाच होता. परदेशी किट आहे."

"परदेशात लावा मग. हितं ड्रायव्हर डावीकडं बघतो. ह्या सिग्नलवर गाडी आणली तर बिचारा सस्पेंड व्हईल!"

त्या दिवशी सगळे सिग्नल डावीकडे आले. दुसऱ्या दिवशी सकाळी दाराजवळची पिशवी रिकामी होती आणि आप्पांचे शर्ट कपाटात होते. वंदना तेव्हा कितीतरी दिवसांनी हसली.

*

आता आमच्या लेआउटमधला मुख्य खेळ सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. पुण्याहून नगरकडे जाणारी गाडी दौंड स्टेशनात शिरली की तिला पुढे वाट नसते. इंजिन काढायचं, गाडीच्या दुसऱ्या टोकाला न्यायचं, तिथे जोडायचं आणि गाडी उलट्या तोंडाने बाहेर काढायची. आप्पांनी आयुष्यभर हेच केलं. माझ्याकडे ते आपोआप व्हायची सोय नव्हती. म्हणून आप्पा वंदनाची केसातली पिन घ्यायचे, इंजिनाचं कपलिंग अलगद सोडवायचे, दोन बोटांत इंजिन उचलायचे आणि दुसऱ्या टोकाला रुळावर ठेवायचे. एकदाही ते घसरलं नाही. मी ठेवलं की हमखास घसरायचं.

याला ते ड्युटी म्हणायचे. आंघोळ करून, शर्टाची वरची गुंडी लावून माडीवर यायचे. एकदा फर्स्ट शिफ्टहून आल्यावर मी त्यांना न बोलावता एकट्यानेच गाडी सोडली. जिन्यात आवाज ऐकून ते वर आले. "पॉइंट्समन न्हाई जाग्यावर आन् गाडी सोडली?" एवढंच म्हणाले आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी खऱ्याखुऱ्या माणसासारखी माफी मागितली, तीही प्लायवुडसमोर उभं राहून!

*

शिरूर तालुक्यात रेल्वे आणणारा पहिला माणूस मी, असा विनोद मी स्वतःच करत असे. त्या हौसेत मी लेआउटमध्ये दौंडपासून शिरूरपर्यंत एक खोटी लाइन दाखवली आणि तिचा नकाशा भिंतीवर लावला. गल्लीतला प्लॉटिंगचा धंदा करणारा एक ओळखीचा माणूस पंखा दुरुस्तीला माझी घडीची शिडी न्यायला वर आला. नकाशा बघून त्याचा आवाजच खाली आला. "दादा, हे फायनल हाय का?"

आता इथे मी सरळ सांगायला हवं होतं. पण बेचाळीस वर्षांत मला त्या माणसाने पहिल्यांदा दादा म्हटलं होतं. मी म्हणालो, "अजून थोडं काम बाकी आहे."

दुसऱ्या दिवशी जिन्यात पाच जण उभे. पांढरे शर्ट, हातात सातबारे. "आमच्या गटातनं जाती का, तेवढंच सांगा!" मी मागे सरकत खोलीत शिरलो. शेवटी आप्पाच बाहेर आले आणि म्हणाले, "लाइन ह्यांच्या बेडरूमवरनं जाती. ज्याची जमीन तिथं आसंल त्यानं थांबा."

मी पुढचा महिनाभर मागच्या गल्लीने घरी आलो.

*

आमची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, आणि लाइटही गुरुवारीच जाते. एका गुरुवारी गाडी दौंडहून निघाली आणि पुलावर असताना लाइट गेली. त्या दिवशी दुपारी दिलीपच्या घरी वास्तुशांत होती. दिलीप माझा कंपनीतला दोस्त, लेआउटचं सगळं वायरिंग त्याचं. आम्ही तयार होऊन निघालो, पण आप्पा जागचे हलेनात.

"सेक्शनमधी, दोन स्टेशनांच्या मधी गाडी उभी हाय. सोडून कसं जायाचं?"

वंदना म्हणाली, "आप्पा, ते प्लास्टिकचंय!"

"आसंल. पर मागनं दुसरी आली तर?"

दुसरी गाडी माझ्याकडे नव्हतीच. पण ते त्यांना कसं सांगणार? शेवटी आम्ही दोघंच पुढे गेलो. आप्पा चार वाजेपर्यंत उपाशी बसले. लाइट आली, गाडी पुढच्या स्टेशनात पोचली, मग वास्तुशांतीला जाऊन शिल्लक राहिलेले दोन जिलबीचे वेढे खाऊन आले. दिलीपच्या आईने मला विचारलं, "सासऱ्याला जेवायला न आणता तुम्हीच कसे आधी आलात?" 

*

दिलीपने एकदा आप्पांचा व्हिडिओ काढला आणि कॅन्टीनमध्ये दाखवला. चिमुकलं स्टेशन, चिमुकली गाडी, आणि वरून येणारा एक भला मोठा राकट हात. अंगठ्याचं नख नोकरीत खऱ्या गाडीच्या कपलिंगमध्ये चेचून काळं पडलेलं. वेल्डिंगचा बिहारी पोरगा ओरडला, "अरे, भगवान का हाथ!" सगळं टेबल हसलं. मीही हसलो, सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसलो.

कुणीतरी विचारलं, "कोण रे हा?"

मी म्हणालो, "हाय एक म्हातारा गावाकडचा. येतो बघायला."

दिलीपने माझ्याकडे बघितलं आणि ताटातली भाकरी मोडायला लागला.  तो काही बोलला असता तर बरं झालं असतं.

*

आता तो राहिलेला किस्सा.

पुण्याचे मोघे सर या छंदातले मोठे गृहस्थ. त्यांचा लेआउट हॉलभर पसरलेला, सगळं कॉम्प्युटरवर चालतं. आमच्या हौशी लोकांच्या ग्रुपवर मी माझे फोटो टाकत असे, दिलीपही त्या ग्रुपवर होता. एक दिवस त्यांचा फोन आला, "पुढच्या रविवारी शिरूरला येतो. बघायचंय तुमचं." मी हवेतच गेलो. आणि लगेच जमिनीवरही आलो, कारण डोळ्यांसमोर आप्पांचा हात आला. एवढा मोठा माणूस घरी येणार, आणि त्याच्यासमोर केसातली पिन आणि काळं नख?

खरं सांगतो, त्या हाताची मला लाज वाटली.

आप्पा तेव्हा राहू गावाला पुतणीच्या लग्नाला आठ दिवस गेले होते. काही वर्षांपूर्वी दौंडच्या बाहेरून कॉर्ड लाइन झालीय. बऱ्याच गाड्या आता दौंड स्टेशनात न शिरता परस्पर नगरकडे वळतात. तीच लाइन मी लेआउटमध्ये टाकली. गाडी थांबायची गरज नाही, इंजिन फिरवायची गरज नाही, बटन दाबलं की गोल गोल फिरत राहते. मी चूक काय करत होतो? लेआउट अपडेट करत होतो! असं मी स्वतःला सहा दिवस समजावलं. दिलीप वायर जोडताना एकदाच म्हणाला, "आप्पांना विचारलंस का?" मी म्हणालो, "त्यांना सरप्राइज आहे."

रविवारी मी आणि दिलीपने रजा टाकली. मोघे सर अकराला आले. आणि त्यांच्या मागोमाग जिना चढून आप्पाही आले. लग्न आटोपून सकाळच्या एसटीने यवतला आले होते आणि तिथून मिळेल ते वाहन धरून शिरूरला. आंघोळ केलेली, वरची गुंडी लावलेली.

मी बटन दाबलं. गाडी पुण्याकडून आली, दौंडच्या बाहेरूनच वळली आणि नगरकडे गेली. परत आली, परत वळली. दौंडचा प्लॅटफॉर्म तसाच रिकामा. आप्पांनी दोन फेऱ्या बघितल्या. हातातली पिन त्यांनी खिशात टाकली.

तिसऱ्या फेरीला मोघे सरांनी मला थांबवलं. "छान आहे. पण ते इंजिन फिरवणं कुठंय? मला दिलीपरावांनी व्हिडिओ पाठवला होता. माझ्याकडे सगळं कॉम्प्युटर करतो हो, पण खरा पॉइंट्समन माझ्याकडे नाही. मी तो हात बघायला आलोय."

 दिलीप खाली बघत होता.  आता खोटं काय सांगायचं, हेही मला सुचेना.

तेवढ्यात आप्पा पुढे झाले. "ते मीच बंद कराया लावलं, सायेब. पाव्हणं न्हाईच म्हणत व्हतं. पर वय झालं आता. हात कापतो माझा. इंजन पडलं बिडलं, मंजी ह्यांची मेहनत वाया."

मोघे सर हळहळले. "अरेरे! मग आता तुम्ही इथे काय करता?"

"काय न्हाई. लेकीकडं आलोय चार दिस. जाईन आता उद्या-परवा दौंडला."

आप्पांना आमच्याकडे येऊन चौदा महिने झाले होते.

वंदना चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. कप काठोकाठ भरलेले, आणि तिचे हात इतके थरथरत होते की बशा वाजत होत्या. आप्पांनी तिच्याकडून ट्रे घेतला. प्लायवुडच्या कडेकडेने, खाली लोंबणाऱ्या वायरी ओलांडत ते आले. पहिला कप मोघे सरांपुढे धरला, दुसरा दिलीपपुढे, तिसरा माझ्यापुढे. कुठल्याही बशीत एक थेंब सांडलेला नव्हता.

"घ्या पाव्हणं," ते म्हणाले, "गार व्हईल."