काडेपेटीची मेणबत्ती

आमच्या नाटक कंपनीत प्रॉपर्टी, म्हणजे रंगमंचावर लागणारं सामान, सांभाळणाऱ्या माणसाला सगळे काडेपेटी म्हणतात. हे नाव त्याला बत्तीस वर्षांपूर्वी चिकटलं. तेव्हा त्याच्याकडे एवढंच काम होतं: रंगमंचावर जे पेटायचं ते वेळेवर पेटवायचं. कंदील, शेगडी, नायकाची सिगारेट. माणसाने उभ्या आयुष्यात एक विद्या शिकावी आणि तीही काडी ओढायची, याला काय म्हणावं? पण त्याचा तोरा बघाल तर सूर्यही यानेच पेटवला असावा. कुठलंही काम सांगा, हा पोटावरून हात फिरवणार आणि म्हणणार, "माझ्यावर सोडा." त्याच्यावर सोडलेली कामं कुठे जातात ते मला चांगलं ठाऊक आहे.

मी प्रॉम्प्टर. पहिल्या विंगेत स्टुलावर वही घेऊन बसते आणि नट वाक्य विसरले की हळूच पुरवते. माझ्या मागच्या विंगेत हा उभा असतो. म्हणजे वीस वर्षं याचा श्वास माझ्या मानेवर आहे. खिशात सुतळी, रबरबँड, मोडके स्क्रू, आणि नेहमी ज्याची गरज असते ते सोडून बाकी सगळं. एकदा भर तालमीत हा म्हणाला होता, "ताईंचं काम बरंय. दुसऱ्याचं लिहिलेलं वाचायचं, तेही हळू." सगळे हसले. मी हसले नाही, आणि विसरलेही नाही.

मग नाट्यगृहात आग लावायला बंदी आली. कुठेतरी कुणाचा तरी पडदा जळला होता म्हणे. काडी ओढायची नाही, ज्योत दिसता कामा नये. काडेपेटीची विद्या एका दिवसात निकालात निघाली. मला वाईट वाटलं असं मी म्हणणार नाही.

अडचण अशी होती की आमचं नवं नाटक मेणबत्तीवरच संपत होतं. एक म्हातारी परागंदा झालेल्या मुलाची वाट बघत रोज संध्याकाळी टेबलावर मेणबत्ती लावते. शेवटी तिला कळून चुकतं की तो येणार नाही, आणि ती मेणबत्ती फुंकते. अंधार. पडदा. या प्रवेशात एकही वाक्य नाही, म्हणजे मलाही काम नाही. म्हातारीचं काम करायच्या त्या आमच्या मोठ्या बाई. वय सदुसष्ट. गेली काही वर्षं त्यांना आजी, शेजारीण आणि एक वाक्य बोलून आत जाणारी आत्या याखेरीज काही मिळालेलं नव्हतं. ही भूमिका म्हणजे त्यांचं सगळं होतं, आणि त्या भूमिकेचं सगळं त्या फुंकरीत होतं.

मालकांनी, म्हणजे कंपनीही त्यांची आणि दिग्दर्शनही त्यांचंच, सेलवर चालणाऱ्या डझनभर मेणबत्त्या आणल्या. वरून मेणाच्या, आत दिवा, हलणारी खोटी ज्योत, आणि एक रिमोट. बाईंनी फुंकायचं आणि त्याच क्षणी विंगेतून कुणीतरी बटण दाबायचं. कुणी, हा प्रश्नच नव्हता. "माझ्यावर सोडा," काडेपेटी म्हणाला.

त्याने खोकं उघडलं, आतला माहितीचा कागद न वाचता चार घड्या घालून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारला, आणि रिमोट दाबला. काही झालं नाही. पुन्हा दाबला. मग लांब जाऊन, मग जवळ येऊन, मग हात उंच करून. अर्धा तास हा माणूस मेणबत्तीकडे रिमोट रोखून उभा होता. शेवटी मी उठले आणि रिमोटच्या मागून डोकावणारी प्लॅस्टिकची पट्टी ओढून काढली. ती काढल्याशिवाय सेल लागतच नाही. "तेच बघत होतो," तो म्हणाला.

तरीही मेणबत्ती ढिम्म. मग चौघांनी टेबल उचललं, मी तो कागद काढून झटकला आणि वाचून दाखवला. मेणबत्तीच्या बुडाचं बटण तीन सेकंद दाबून धरा. ज्योत दोनदा मिचकावेल. पाच सेकंदांच्या आत रिमोट दाबा. म्हणजे मेणबत्ती तो रिमोट ओळखू लागेल. ज्योतीच्या मुळाशी काळा ठिपका आहे, रिमोट त्या ठिपक्याला दिसला पाहिजे. दुसऱ्याचं लिहिलेलं, हळू आणि तीन वेळा वाचलं, कारण त्याच्या डोक्यात एका वेळी एकच ओळ मावत होती. एवढं करून पठ्ठ्याने बाराच्या बारा मेणबत्त्यांना तोच रिमोट शिकवला. बटण एकच, पेटवायचं तेच आणि विझवायचंही तेच. तालमीत बाईंनी फुंकर मारली, त्यांची मेणबत्ती विझली आणि मागच्या फडताळावरच्या तीन विझलेल्या झपकन पेटल्या. बाईंनासुद्धा हसू आवरेना. मग बाकीच्या अकरांचे सेल काढून ठेवले, आणि एकदाची गाडी रुळावर आली असं सगळ्यांना वाटलं.

पहिल्या प्रयोगाला नाट्यगृह भरलेलं होतं. बाई शेवटच्या प्रवेशात टेबलामागे उभ्या राहिल्या, वाकल्या, फुंकलं. मेणबत्ती तशीच. पुन्हा फुंकलं. तशीच. माझ्या मागे बटणाचा टकटकाट चालला होता. बाई हरल्या, हात खाली घेऊन सरळ उभ्या राहिल्या, आणि मग ती विझली. घाबरून याने आणखी एकदा दाबलं. ती पेटली. लोक जे हसले ते पडदा पडेपर्यंत हसत होते.

त्या रात्रीपासून काडेपेटीचं संशोधन सुरू झालं. सेल बदलले. सेलची टोकं खोडरबरने घासली. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहिलं की रिमोटच्या टोकाचा उजेड दिसतो असं त्याला कुणीतरी सांगितलं, तर हा दिसेल त्याचा मोबाइल मागून त्यापुढे रिमोट नाचवायचा. उजेड दिसायचा. मेणबत्ती टेबलावर ठेवून विंगेतून दाबायचा. विझायची. वीसपैकी वीस वेळा विझायची. आणि प्रयोगात नाही. मग खापर फोडायला डोकी शोधणं आलं. दिवेवाल्याचे दिवे फार तापतात, प्रेक्षकांचे मोबाइल, बाईंच्या बांगड्या, कारखानदाराची लबाडी. रोज सकाळी तो नव्याने तीन सेकंद आणि पाच सेकंद मोजत मेणबत्तीला रिमोट शिकवत बसायचा. मठ्ठ मास्तर आणि मठ्ठ पोर, कुणी कुणाला शिकवायचं?

दुसऱ्या प्रयोगाला मला कारण दिसलं.

दिसायला काही अक्कल लागत नव्हती. त्या प्रवेशात वाक्य नसल्यामुळे मी वही मिटून नुसती बघत होते. बाई वाकल्या आणि त्यांचा हात आपसूक वर आला. ज्योत फुंकताना आपण हाताचा आडोसा धरतो, तसा. त्यांनी आयुष्यभर खऱ्या मेणबत्त्या फुंकल्या होत्या. तो तळहात आमच्या बाजूला आला, आणि माझ्या स्टुलावरून ज्योत दिसेनाशी झाली. मला जी दिसत नाही ती मागच्या रिमोटला कुठून दिसणार? काळा ठिपका बाईंच्या तळहाताआड. हात खाली आला की विझते. तपासणी करताना मधे हात नसतो, म्हणून वीसपैकी वीस. काडेपेटीला हे दिसत नव्हतं, कारण ऐन वेळी हा शहाणा मान खाली घालून बटण चाचपत असायचा.

एक वाक्य सांगितलं असतं तर काम झालं असतं. पुरवणं हाच माझा धंदा. पण मी मूग गिळून बसले. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा खोडरबर घेऊन बसला, तेव्हा माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. घास म्हटलं, घास. हळू वाचणाऱ्या बाईला जे दिसतं ते तुला दिसतं का बघू. हा विचार माझाच होता, मी तो दुसऱ्या कुणावर ढकलणार नाही.

तिसऱ्या प्रयोगालाही लोक हसले. पडदा पडल्यावर मालकांनी सगळ्यांसमोर सांगितलं: रविवारी दुपारचा प्रयोग शेवटची संधी. तेव्हाही हसू आलं तर हा प्रवेश कापायचा, आणि नाटक सुनेच्या भाषणावर संपवायचं. सुनेचं काम मालकांची मेहुणी करते. तिने चेहरा पाडला, पण फार नाही.

शनिवारी मी मेकअपच्या खोलीत गेले तर मोठ्या बाई आरशासमोर बसून फुंकर मारत होत्या. समोर काहीच नव्हतं. मारायच्या, थांबायच्या, पुन्हा मारायच्या. मला बघून थांबल्या.

"माझी फुंकर चुकते का गं?" त्यांनी विचारलं. "खरं सांग. तू तर रोज जवळून बघतेस."

मी म्हटलं, नाही हो बाई, त्या गाढवाचा रिमोट बिघडलाय. त्यांनी मान हलवली, पण पटलेलं दिसलं नाही. पन्नास वर्षं रंगमंचावर काढलेली बाई एका खोट्या मेणबत्तीपायी स्वतःवरच शंका घेत बसली होती. मला तिथे उभं राहवेना. ठरवलं, रविवारी लवकर जायचं आणि त्या ठोंब्याला सगळं सांगून मोकळं व्हायचं. त्याची तोंडभर अक्कल काढूनच सांगायचं, एवढी सवलत मी स्वतःला ठेवली होती.

रविवारी अकराला पोचले. रंगमंचावर सेट लागला होता. आमच्या समोरच्या बाजूला विंग नाही, खोलीची भिंतच आहे, आणि तिला टेकून जाळीच्या दाराचं एक जुनं कपाट. काडेपेटी त्या कपाटाच्या फळ्या काढत होता. आतून धूळ निघत होती आणि हा शिंकत होता. मी विचारलं, हे काय आता?

"आत बसणार," तो म्हणाला. "तिसरा अंक सुरू व्हायच्या आधी. जाळीतून मेणबत्ती सरळ दिसते."

त्याने फळी भिंतीला टेकवली आणि सांगायला लागला. काल घरी बायकोसमोर मेणबत्ती ठेवली आणि म्हणाला, फुंक. ती बिचारी शिवणाचं मशीन थांबवून फुंकत राहिली. हा खोलीच्या निरनिराळ्या कोपऱ्यांतून दाबत राहिला. एका कोपऱ्यातून विझेना. तेव्हा पहिल्यांदा याने बटणावरून नजर काढून बायकोकडे पाहिलं.

"हात," तो म्हणाला. "फुंकताना माणूस हात आडवा धरतो, ताई. बाईसुद्धा धरत असणार. माझं लक्षच नव्हतं."

मी म्हटलं, मग बाईंना सांगा ना, हात खाली ठेवा म्हणून. कपाटात कशाला मरताय? चाळीस मिनिटांचा अंक आहे. गुडघा वाकत नाही तुमचा.

"बाईंना नाही सांगायचं," तो म्हणाला. हे बोलताना त्याने पोटावरून हात फिरवला नाही. "त्यांना कळलं की आपल्या हातामुळे लोक हसले, तर त्या हात सांभाळत बसतील. मग फुंकर गेली. मी मालकांना सांगितलंय, रिमोटची ताकद कमी आहे, चूक माझी आहे. तुम्हीही तेच सांगा."

मी बरं म्हटलं.

तो कपाटात डोकं घालून आतला खिळा उपटायला लागला. मग आतूनच म्हणाला, "तुम्ही तर माझ्यापुढेच बसता. तुम्हाला नाही दिसला हात?"

"नाही," मी म्हटलं.

"बरं झालं," तो म्हणाला. "दिसला असता तर तुम्ही पहिल्याच दिवशी बाईंना सांगितलं असतंत. तुमच्या पोटात काही राहत नाही."

तोंडभर काढायला आणलेली अक्कल माझ्या तोंडातच राहिली. त्याच्या बोलण्यात टोमणा असता तर मला परवडला असता, पण टोमणा मारायला लागतं तेवढं डोकं त्याला नाही. तो मला चांगली समजत होता, एवढंच. खिळा निघाला तो त्याने मला दाखवला आणि खिशात टाकला.

तिसऱ्या अंकाआधी तो आत शिरला. आधी पोट, मग गुडघा हाताने उचलून. दार लागेना, कारण गुडघा आडवा येत होता. म्हणून बाहेरून कडी लावावी लागली, ती मी लावली. चाळीस मिनिटं त्या कपाटातून शिंकसुद्धा आली नाही. मेहुणीचं भाषण झालं. बाई टेबलामागे आल्या, बराच वेळ ज्योतीकडे बघत राहिल्या, वाकल्या. हात वर आला. माझ्या स्टुलावरून ज्योत दिसेनाशी झाली. त्यांनी फुंकलं, आणि बोटांच्या फटीतला उजेड गेला.

कुणी हसलं नाही. कुणी खोकलंही नाही. पडदा पडून पुरता मिटला, त्यानंतर टाळ्या सुरू झाल्या. बाईंना पुढे बोलावलं, पुन्हा बोलावलं, मालक त्यांच्या पाया पडले. मेहुणीसुद्धा टाळ्या वाजवत होती. सगळे बाईंभोवती गोळा झाले आणि त्यांना घेऊन मेकअपच्या खोलीकडे गेले.

मग मला कडीची आठवण झाली.

मी धावत जाऊन कपाट उघडलं. तो तसाच दुमडून बसला होता, रिमोट अजून दोन्ही हातांत, चेहरा घामाने आणि धुळीने माखलेला. पाय पार बधिर झाले होते. मी हात दिला तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं.

"टाळ्या ऐकल्या," तो म्हणाला. "पण त्याच्या आधी कुणी हसलं का?"

"नाही," मी म्हटलं, आणि त्याला ओढून बाहेर काढलं.

या गोष्टीला आता साठ प्रयोग झाले. काडेपेटी होता तसाच आहे. खिशात सुतळी, पोटावर हात, "माझ्यावर सोडा". नव्या नटांना सांगतो की रिमोटची विद्या त्याने कागद न वाचता शिकली. ऐकून अजूनही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. बाई अजूनही हाताचा आडोसा धरतात, त्यांना काही ठाऊक नाही. शेवटच्या प्रवेशात मी वही मिटून तो हात बघते. पडदा पडला की सगळ्यात आधी उठते आणि कडी काढायला जाते.