रज्जाकभाईंनी भरून ठेवलेलं पान

धामणगाव बढ्याला नळ येतो तो त्याच्या लहरीनं. त्यामुळे इथला माणूस रिकामं भांडं दिसलं की भरून ठेवतो. रज्जाकभाईंनी तर इंटरनेटही भरून ठेवलं होतं.

बसस्टँडसमोर त्यांचं ‘नूरजहां कॉम्प्युटर’. नाव बायकोचं, मशीन अडलं तरी त्याला शिव्या देताना जीभ आवरते, असं त्यांचं म्हणणं. नेट मात्र रुसलेल्या जावयासारखं, आलं तरी टेकायचं नाही. गिऱ्हाईक बाकावर जांभया देत बसायचं. म्हणून भाईंनी युक्ती काढली. नेट आलं की लोकांच्या कामाची पानं कॉम्प्युटरात सेव्ह करायची आणि कुणी विचारलं की चुटकीसरशी उघडून दाखवायची. तालुक्याच्या मोताळ्यापेक्षा आपलं नेट जोरदार, असं लोक अभिमानानं सांगू लागले.

त्या साली बीटी कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती. लोक कौतुकानं रानात शिरत, बोंड फोडून बघत आणि ते फेकून बाहेर येत. बीटीला अळी लागत नाही या भरवशावर गाव पेरून बसलं होतं, आणि आत गुलाबी अळी निवांत जेवत होती. मग जो तो फवारू लागला. औषधाचा वास गावात इतका मुरला की चहालाही यायचा. कपाशीतली पाखरं बोलेनाशी झाली.

निवृत्ती हा रोजानं फवारणी करणारा. चालताना इतका वाकायचा की पंप पाठीवर घेऊनच जन्मला असावा असं वाटे. एका सकाळी त्यानं येऊन विचारलं, अळीचं आणि तुडतुड्याचं औषध एकाच पंपात चालतं का. भाईंनी कपाशीच्या वेबसाइटचं पान उघडून वाचलं. चालतं, असं लिहिलं होतं. दोनदा फिरायचे कष्ट वाचले म्हणून निवृत्ती शीळ घालत गेला.

दुपारी शाळेतल्या प्रतिमाताई मोबाईल घेऊन आल्या. शाळेच्या गच्चीवर रेंज मिळते, तिथं त्यांनी हेच पान उघडलं होतं. वर लाल अक्षरांत होतं: ही दोन औषधं एकत्र फवारू नका, माणसांना विषबाधा झाली आहे. ते छापून शाळेच्या भिंतीवर लावायचं होतं.

भाई हसले. ताईंचा मोबाईल बिघडला म्हणाले आणि आपलं पान दाखवलं. दोन्ही शेजारी ठेवली. नाव तेच, रंग तोच, चित्रातलं बोंडही तेच. लाल अक्षरं मात्र एकीकडेच.

ताईंनी पडद्याच्या वरच्या पट्टीवर बोट ठेवलं. “भाई, हा पत्ता वेबसाइटचा नाही. तुमच्याच मशीनचा आहे.”

मग त्यांनी समजावलं. वेबसाइट कुठंतरी लांब, दुसऱ्याच कॉम्प्युटरवर असते. आपण पत्ता टाकला की तिकडं मागणी जाते, आणि त्या वेळी तिथं जे असेल त्याची नक्कल आपल्याकडं येते. तिथं नंतर काही बदललं तर पुन्हा मागितल्याशिवाय आपल्याला कळत नाही.

“मंग हे माह्यावालं?”

“हे तुम्ही कधीतरी भरून ठेवलेलं.”

साठवलेल्या पाण्यात पुढं काय वळवळतं, हे इथं कुणाला सांगावं लागत नाही. भाई दुकान उघडं टाकून निघाले.

निवृत्ती भगवंतरावांच्या रानात गेल्याचं पानटपरीवर कळलं. भाई वाटेत फोन लावत होते. बांधाशी पोचले तर फोन लिंबाच्या फांदीला टांगलेल्या पिशवीत वाजत होता. खाली डबा झाकलेलाच.

त्यांनी हाका मारल्या. कपाशीनं त्या गिळल्या. आतून पंपाची घरघर येत होती, पण ती पुढं सरकत नव्हती.

आवाजाच्या रोखानं भाई शिरले. निवृत्ती सरीत बसला होता. अंग घामानं निथळत होतं आणि हातातली नळी मातीवरच फवारत होती. त्यानं कष्टानं मान वर केली.

“रज्जाकभाई, तुमी दोन दोन काऊन दिसून राह्यले?”

बुलढाण्याच्या दवाखान्यातून तो परत आला. पण हात थरथरायचा थांबला नाही, आणि पंप पुन्हा पाठीवर चढला नाही.

भाईंनी भरलेली सगळी पानं पुसून टाकली. आता दुकानात पडद्यावर गोल चक्र फिरत राहतं आणि गिऱ्हाईक कुरकुरतं. पुढच्या हंगामात पुन्हा बीटीच पेरली गेली, पुन्हा वास सुटला. परवा एकानं घाई केली, जुनं असेल ते दाखवा म्हणाला.

भाईंनी पत्ता पुन्हा टाकला. बाकावर निवृत्ती चहा पीत होता. त्याच्या हातात कप बशीवर खडखडत होता, आणि चक्र फिरतच होतं.