फाट्यावरचा लढाईचा दगड

परमुलखातल्या मोठ्या लढाईत आमच्या गावचे स्वार गेले होते. त्यांच्या नावाचा दगड वडवणीच्या फाट्यावर उभा करायचा हुकूम निजामाच्या तहसिलातून आला आणि काम माझ्याकडे आलं. मी पाथरवट. तोवर जन्म जाती-पाटे घडवण्यात गेला होता. गावानं माझ्या जात्यावरची भाकरी खाल्ली असेल, पण माझं नाव कुणी घेतलं नव्हतं. आता येणारा-जाणारा थांबून माझं काम बघणार! आठ दिवस माझा पाय जमिनीवर ठरला नाही.

तहसिलातल्या पेशकारानं, म्हणजे साहेबाच्या कारकुनानं, मजकूर लिहून दिला. वर उर्दू, खाली मराठी. मला दोन्ही सारखंच, कारण वाचता येत नव्हतं. मी अक्षरं नक्षीसारखी कोरली.

काम चालू असताना मेंढरं राखणारी एक म्हातारी रोज येऊन बसायची. तिचा एकुलता एक पोरगा पलटणीच्या खेचरांबरोबर गेला आणि तिकडंच मेला. तिनं एकदाच विचारलं, "माझा ल्योक बी गेलता की. त्यो कावून न्हाई हितं?"

मी पेशकाराला गाठलं. तो म्हणाला, यादी हत्यार धरणाऱ्यांची आहे, खेचरं हाकणाऱ्यांची नाही. माझं डोकंच फिरलं. अक्षरं सरकारची असतील, पण त्याखालची जागा रिकामी होती आणि टाकी माझी होती. दोन दिवसांत मी तिथं एक खेचर कोरलं आणि त्याच्या शेजारी कासरा धरलेला पोरगा. इतकं मन लावून मी देवाची मूर्तीसुद्धा घडवली नव्हती.

दगड उभा राहिला त्या संध्याकाळी पेशकारानं ते पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. उद्या तहसीलदारसाहेब यायच्या आत हे खरवडून काढ, नाहीतर तुझी खैर नाही, असं बजावून तो गेला. मी मुकाट्यानं हो म्हणालो. घरी येऊन बायकोला तेवढं सांगितलं, बाकी कुणाला नाही. पण आमच्या घरातली गोष्ट गावभर व्हायला वेशीपर्यंत जावं लागत नाही.

दिवस उगवताना टाकी घेऊन फाट्यावर पोचलो, तर बायकांची ही गर्दी! आमच्याकडे लढाईत पडलेल्याचा दगड म्हणजे वीरगळ, आणि वीरगळाला तेल-शेंदूर चढलाच पाहिजे. खेचर, पोरगा, सरकारी अक्षरं, सगळं शेंदरात न्हालं होतं. बारीक अक्षरं पार बुजली, माझं खोल चित्र मात्र उठून दिसत होतं.

मागोमाग पेशकार आला. मी टाकी त्याच्या हातात दिली आणि म्हणालो, तुम्हीच चालवा. शेंदूर चढलेल्या दगडावर लोखंड कोण लावणार? त्यानं टाकी परत केली, चपला काढल्या आणि हात जोडले. मला नाचावंसं वाटत होतं.

साहेब आले, वाजंत्री वाजली, हार चढला. गर्दी पांगल्यावर म्हातारी पुढं झाली. पदरातली भाकरी काढून पहिला तुकडा तिनं खेचराच्या तोंडाला लावला. माझी बायको म्हणाली, आधी लेकाला द्यावं की.

"खेचरानं खाल्ल्याबिगर त्यो घास घेत न्हाई," म्हातारी म्हणाली.

खेचराचं खाणं होईल एवढा वेळ ती थांबली. मग दुसरा तुकडा पोराला दिला.