बैलगाडीत गाणी म्हणू नयेत

रविवारी सहलीला निघालेलं कुटुंब घरून दोन गोष्टी हमखास बरोबर घेतं, डबा आणि शहाणपण. डबा आमच्या आंब्याखाली संपतो. शहाणपण ते आमच्याकडेच सांडून जातात! त्र्यंबक रोडला, नाशिकच्या जरा बाहेर, नाना नावाच्या द्राक्षबागायतदारांनी हौसेनं काढलेलं शेत-संग्रहालय होतं. तिथल्या तिकीट खिडकीत मी बरीच वर्षं बसले. किस्से गोळा करावे लागले नाहीत, आपोआप साठत गेले.

*

संग्रहालयात जुनी अवजारं मांडलेली होती. बहुतेक आसपासच्या गावांनी दिलेली. एकदा एक आजोबा सुना-नातवंडांसकट आले. मी तिकिटं फाडायला लागले तर म्हणाले, "आमच्याच नांगराला भेटायला तिकीट?"

आत गेले आणि पिशवीतून तेलाची बाटली काढून नांगर पुसत बसले. आमचे मॅनेजर कुलकर्णीसाहेब धावले. "आजोबा, वस्तूंना हात लावायचा नाही!"

"वस्तू नाय, नांगर हाय तो," आजोबा म्हणाले आणि दुसरी बाजू पुसायला घेतली.

पुढं ते दर दिवाळीला यायचे. साहेब त्यांच्यासाठी खुर्ची ठेवायला लागले.

*

मागच्या बाजूला 'आपली भाजी आपण खुडा' असा एक वाफा होता. शहरातल्या लोकांना त्याचं भारी कौतुक! एक काकू भर उन्हात तासभर मेथी खुडत होत्या. नवरा सावलीत झोपलेला, मुलं शेळीच्या मागं. शेवटी घामाघूम होऊन पैसे द्यायला खिडकीशी आल्या.

"खुडली कोणी?" त्यांनी मला विचारलं.

"तुम्हीच, काकू."

"मग माझी मजुरी कापा!"

*

आमचं खरं आकर्षण होतं मोट. विहिरीतून बैलांनी पाणी ओढायची ती जुनी रीत. बैल उतारावरून पुढं गेले की चामड्याची मोट पाण्यानं भरून वर येते. ती रिकामी झाली की बैलांनी तसंच उलट्या पावलांनी मागं यायचं. हे मागं येणं बैलाला शिकवावं लागतं.

आमच्या रामदासनं ते हौशाला गाण्यावर शिकवलं होतं. रामदास चांदवडकडचा, बैल सांभाळायचा. पुढं जाताना गप्प, मागं येताना गाणं, ही त्याच्या वडिलांची पद्धत. रामदासनं तोंड उघडलं की हौशा मागं सरकायचा, आणि त्याच्याबरोबर जोडीदार पाखऱ्याही.

सकाळी मोट, दुपारी तीच जोडी बैलगाडीला. एका रविवारी मुंबईचं एक मोठं कुटुंब गाडीत बसलं आणि पहिल्याच वळणावर त्यांनी अंताक्षरी सुरू केली!

गाडी उलटी निघाली ती थेट फुलांच्या वाफ्यात. मुलांना वाटलं हाही तिकिटातलाच भाग. ती आणखी मोठ्यानं गायला लागली. रामदास पुढून ओरडत होता, "गानं बंद करा! लय झालं, गानं बंद करा!"

दुसऱ्या दिवशी साहेबांनी फाटकाशी पाटी लावली: बैलगाडीत गाणी म्हणू नयेत.

*

पाटीवरून रोज भांडणं. एकदा पंचवटीतलं बायकांचं भजनी मंडळ आलं. त्यांच्या प्रमुख बाई कडाडल्या, "देवाचं नावसुद्धा घ्यायचं नाही?"

साहेब म्हणाले, "नाव घ्या, सूर नको."

बायका हट्टाला पेटल्या. सगळं भजन त्यांनी बातम्या वाचल्यासारखं वाचलं. हौशा सरळ चालला.

साहेबांना तशीही गाण्याची नावड होती. गणपतीच्या आरतीलासुद्धा ते नुसत्या टाळ्या वाजवायचे. "माझा आवाज लोकांनी ऐकू नये, यातच सगळ्यांचं भलं आहे," म्हणायचे.

*

मग नानांनी रंगीत ट्रॉलीचा ट्रॅक्टर आणला. मोट बंद, गाडी बंद. नाना साहेबांना म्हणाले, "हौशा म्हातारा झालाय, विकून टाका. फोटोला एक बैल पुरे."

म्हातारा बैल बाजारात गेला की पुढं कुठं जातो, हे सगळ्यांना माहीत होतं. त्या दिवसापासून रामदास डबा खायला आमच्यात बसेना, गोठ्यात बसायचा. मला फार वाईट वाटायचं. साहेबांकडं मी रदबदली केली तर म्हणाले, "मालकांचा बैल आहे. मी नोकर माणूस."

*

व्यापारी टेम्पो घेऊन दुपारी आला. टेम्पो फाटकाबाहेर. हौशा कासऱ्यामागं मुकाट निघाला. रामदास गोठ्याच्या दारात, तोंडात टॉवेलाचा बोळा धरून. साहेब फाटकाशी हाताची घडी घालून.

फाटकापाशी हौशा थांबला. आणि उलट्या पावलांनी मागं यायला लागला!

व्यापाऱ्यानं कासरा ओढला. बैल मागं. टेम्पोवाला मागून रेटायला गेला आणि जेमतेम बाजूला उडी मारून वाचला.

"ह्याला काय झालं?" व्यापारी रामदासवर ओरडला.

रामदासच्या तोंडात अजून टॉवेलच होता. तो आ वासून फाटकाकडं बघत होता, म्हणून मीही बघितलं.

कुलकर्णीसाहेब त्या पाटीला टेकून, डोळे मिटून, शाळेतल्या चालीवर खड्या आवाजात गात होते, "बे एके बे, बे दुणे चार..."

"येडा बैल, आन त्याहून येडी मानसं!" व्यापाऱ्यानं कासरा टाकला. "बाजारात असा मागं चालला तर गिऱ्हाईक हसंल मला. नाय पायजे!"

टेम्पो गेला. साहेब थांबले नाहीत. हौशा दावणीला पोचला तेव्हा ते सातच्या पाढ्यावर होते.