खिडकीजवळचं स्टूल

सरकारी रुग्णालयाच्या धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालायचं काम जोडीनं चालतं. एकीनं दोन टोकं धरायची, समोरचीनं दोन. ताणायचं, झटकायचं आणि चार पावलं पुढे येऊन टोकाला टोक भिडवायचं. अठरा वर्षं हेच करत आलेल्या बाईला सगळे घडीवाली म्हणत. समोरचीनं चादर सैल धरली की ती ओरडायची, "अगं धर की नीट! पाहुणी आलीयस का?"

तिला एक मुलगी होती, मुंगी. कागदावर दुसरं चांगलं नाव होतं, पण ते शाळेत घालताना लागेल म्हणून जपून ठेवलेलं. पोर शाळेपर्यंत पोचलीच नाही, त्यामुळे ते नाव कुणी कधी हाकेला वापरलं नाही.

नवरा मालट्रकवर, महिन्यातले चार दिवस घरी. नातेवाईक म्हणाल तर नावाला. धुलाईखान्यात साठ बायका, आणि त्यांच्या पोरांसाठी एक पाळणाघर असावं, असं वरच्या कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. मग घडीवालीनं तेच केलं, जे त्या साठजणींतल्या निम्म्या करत होत्या. साडेचार वर्षांच्या मुंगीला तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत ठेवायचं, डबा भरून द्यायचा आणि बाहेरून कडी लावायची.

कडी लावली की मुंगी दाराशी बसून रडायची. तासभर रडते, असं शेजारणीनं सांगितल्यावर घडीवालीनं एक जड लाकडी स्टूल आणून खिडकीपाशी ठेवलं. "भोंगा झाला की इथं चढायचं. कोपऱ्यावर आई दिसेल. मी पिशवी हलवीन, तू हात हलवायचा." त्या दिवसापासून मुंगीचं रडणं थांबलं. दिवसभर भोंग्याची वाट बघण्यात तिचा वेळ छान जायचा. खिडकीला गज नव्हते. घरमालक लावणार होता.

एका दिवशी वाफेची इस्त्री बंद पडली. मुकादम म्हणाला, काम संपल्याशिवाय कुणी हलायचं नाही. भोंगा वेळेवर झाला, पण बायका सुटल्या दीड तास उशिरा. घडीवाली कोपऱ्यावर आली, सवयीनं तिनं पिशवी हलवली आणि मग खिडकीखाली जमलेली माणसं तिला दिसली.

त्यानंतर नवरा मालट्रकवर गेला तो गेलाच. महिलांची संघटना मात्र दारात आली. संघटनेच्या चिटणीसबाई शाळेतून निवृत्त झालेल्या, खांद्याला अर्जांनी फुगलेली झोळी, आवाज वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. जिथे तीस बायका कामाला, तिथे सरकारनं पाळणाघर काढावं, अशी त्यांची मागणी होती. दुपारभर त्यांनी घडीवालीचं ऐकून घेतलं, दोघी मिळून रडल्या. शेवटी चिटणीसबाई डोळे पुसून म्हणाल्या, "एक सांगते, राग मानू नका. स्टूल तुम्ही ठेवलंत, हे कुणापुढे बोलू नका. त्यांना तेवढंच हवं असतं. आईचा हलगर्जीपणा म्हणतील आणि फाईल बंद करतील."

"मग काय सांगू, ताई?"

"स्टूल होतं, एवढंच म्हणायचं."

एवढंच म्हणायचं! बोलायला सोपं आहे. दुखणं जिथे आहे तेवढंच सोडून बाकीचं सगळं अंग डॉक्टरला दाखवायचं, असा तो प्रकार झाला. पण चिटणीसबाईंना काय बोलावं? साहेबलोकांना त्या पुरत्या ओळखून होत्या, आणि त्यांचं खोटंही नव्हतं.

सरकारी काम आणि सहा महिने थांब, असं आपण म्हणतो. इथे अकरा वर्षं गेली. मंत्री बदलले, खुर्च्या बदलल्या, मागणी भिजत घोंगड्यासारखी पडून राहिली. प्रत्येक नव्या साहेबापुढे चिटणीसबाई निवेदन ठेवत आणि घडीवाली हकिगत सांगे. पहिल्या साहेबानं अर्धा तास दिला. दुसऱ्यानं दहा मिनिटं. तिसऱ्यानं चहा ढोसत ऐकलं, "फार वाईट झालं" म्हणाला आणि निवेदनाची तिसरी प्रत कुठे आहे, ते विचारलं. पुढे पुढे तीन मिनिटांत उरकावं लागे. मुंगी एक, दोन, तीननंतर थेट सात मोजायची, हे गेलं. खोटं रडताना बोटांच्या फटीतून बघायची, तेही गेलं. उरलं एवढंच: वय, मजला, कडी, वेळ. घरी येऊन घडीवाली आठवायला बसली, तरी तोंडात त्याच तीन मिनिटांची वाक्यं यायची. तेव्हा ती घाबरायची.

अखेर एक समिती बसली. तिचे अध्यक्ष सभ्य गृहस्थ होते. दिलेला कागद आधी वाचून आलेला हा पहिलाच माणूस. घडीवालीचं बोलून झालं तेव्हा त्यांनी हळू आवाजात विचारलं, "बाई, ते स्टूल खिडकीजवळ कसं आलं?"

चिटणीसबाईंचं पेन थांबलं. मागच्या बाकांवर संघटनेच्या वीसेक बायका, चारपाचजणींच्या मांडीवर पोरं. अकरा वर्षं घडीवाली या एका प्रश्नाची वाट बघत होती. कुणीतरी विचारावं, मी "मी ठेवलं" म्हणावं, मग काय व्हायचं ते होऊ दे. आता विचारलं गेलं, आणि मागून एक पोर खोकलं.

"तिनंच ओढलं असेल, साहेब," ती म्हणाली. "पोरंच ती."

अध्यक्षांनी मान हलवली. लिहिणाऱ्यानं लिहून घेतलं. लिहिताना त्यातलं "असेल" गळालं.

जिना उतरताना चिटणीसबाईंनी तिचा हात घट्ट धरला. "जिंकलो आपण!"

"ताई, तिला ते स्टूल उचलत नव्हतं हो. हलतसुद्धा नव्हतं. जड होतं."

वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा चिटणीसबाईंचा आवाज त्या दिवशी जिना संपेपर्यंत फुटला नाही.

कायदा झाला. धुलाईखान्यामागेच पाळणाघर उघडलं. फीत कापायला घडीवालीला बोलावलं, तर "चादरी पडल्यात" म्हणून ती गेली नाही. पुढे तीन आठवड्यांनी लहान खाटांच्या चादरी पोचवायला जावंच लागलं. भोंग्याला थोडा वेळ होता.

खोली छान होती, रंगीत, ऊबदार. सांभाळणाऱ्या दोघी हसतमुख. फक्त खिडक्या पार वर, छताला टेकलेल्या. भिंतीवर नियमांची पाटी होती. घडीवालीनं बोट फिरवत वाचलं. सातवा नियम असा: समितीपुढील साक्षीनुसार मूल स्वतः स्टूल ओढून खिडकीवर चढल्याने मृत्यू झाला आहे, सबब खिडक्या सहा फुटांच्या वर असाव्यात.

तिनं तो दोनदा वाचला. हातातल्या चादरी छातीशी धरल्या.

खिडकीखाली एक चारेक वर्षांची मुलगी भिंतीकडे तोंड करून उभी होती. "मावशी, तू उंच आहेस ना? माझी आई येतेय का बघ."

घडीवाली टाचा उंचावून बघायला गेली, पण तिलाही नुसतं आभाळच दिसलं. मग ती भिंतीला टेकून खालीच बसली.

"माझी मुंगी खिडकीतून बघायची," ती म्हणाली. "तिनं नव्हतं गं ओढलं. मीच ठेवलं होतं तिला स्टूल."

"कशाला?"

"मी येताना दिसावी म्हणून."

"मग दिसलीस?"

"नाही गं. त्या दिवशी मला उशीर झाला."

मुलीनं जरा विचार केला. "माझ्या आईला पण होतो," ती समजुतीनं म्हणाली आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.